वाटी वाजली की जेवायचं

बायको होती तोवर आमच्या घरात गलका होता. तो ती एकटीच करायची. शेळीशी बोलायची, चुलीशी बोलायची, धान्यात तोंड घालणाऱ्या कोंबड्यांना शिव्या द्यायची आणि अधूनमधून मलाही. मी म्हणायचो, "अवं, जराशी थांब. कानाले आराम दे." ती म्हणायची, "मेल्यावर देईन."

दिला.

गेल्या वर्षी तूर सोंगायच्या, म्हणजे कापणीच्या दिवसांत तिला ताप चढला. दिग्रसला नेली, तिथून यवतमाळला नेली, आणि परत आणली ती आडवी. याच्यावर मी जास्त लिहिणार नाही. ज्याच्या घरी झालं त्याला माहीत आहे, ज्याच्या घरी नाही झालं त्याला सांगून उपयोग नाही.

मागं आम्ही चौघं राहिलो. मी, मुलगा, सून आणि नात. आम्ही बंजारा लोक, दिग्रसच्या पल्याड आमचा तांडा आहे. घरात आमची गोरबोली चालते, इथं मी बोलणं मराठीत उतरवलं आहे. मुलगा दिग्रसला जिनिंगमध्ये कामाला. सकाळी जातो, अंगाला कापसाचे तंतू चिकटवून दिवस बुडाल्यावर येतो. म्हणजे दिवसभर घरात तिघंच. मी ओसरीत बाजेवर, सून आत, आणि नात आमच्या मधात.

आता रीत सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमच्यात सून सासऱ्यासमोर बोलत नाही. डोक्यावरून पदर नाकापर्यंत ओढते आणि आवाज काढत नाही. ही रीत मी काढली नाही. माझ्या आईनं पाळली, माझ्या बायकोनं पाळली. माझा बाप मेला तोवर बायको त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती, आणि ती तोंडाची किती मोकळी होती ते वर सांगितलंच. आता तांड्यात कितीतरी सुना मोकळ्या बोलतात, गाड्या चालवतात, ग्रामपंचायतीत भांडतात. पण माझी सून उमरखेडकडची, तिचं माहेर कडक. तिनं पहिल्या दिवशी तोंड मिटलं, आणि मीही म्हटलं नाही की उघड. मला बरंच वाटलं. इज्जत वाटली.

बायको होती तोवर काही अडत नव्हतं. सून आतून हळूच म्हणायची, "याडी, दळण सरलं." याडी म्हणजे आई. बायको तिथूनच मला ओरडायची, "अवो, ऐकलं का, दळण सरलं म्हणते." मी ऐकलेलं असायचं, भिंत काही दगडाची नव्हती. तरी मी म्हणायचो, "काय म्हणते?" बायको म्हणायची, "बहिरे झाले का? उठा, चक्कीवर जा." असं आमचं तीन तोंडांचं बोलणं चालायचं. मधलं तोंड गेलं आणि दोन्हीकडची बंद पडली.

सुनेचा आवाज मी पहिल्यांदा मोठ्यानं ऐकला तो बायकोच्या मयतीला. आमच्या बायका मयतीत गळ्यात गळा घालून सुरात रडतात, त्याला ढावलो म्हणतात. त्यात मेलेल्या माणसाचं सगळं बोलून दाखवतात. सून म्हणत होती, याडी, मला आता जेव कोण म्हणेल, माझी वेणी कोण घालेल. मी बाहेर माणसांत बसलो होतो. मनात आलं, हिचा आवाज असा आहे होय. दिवस-पाणी झालं आणि तो आवाज पुन्हा बंद झाला.

मग जेवण असं यायचं. ताट बाजेजवळ ठेवलं जायचं, आणि सून जाता जाता वाटीला बांगडी वाजवायची. टण्. वाटी वाजली की जेवायचं. बाहेर कोणी भेटायला आलं तर दाराची कडी वाजायची. चहा झाला तर कपबशी वाजायची. सगळं घर वाजत होतं, बोलत कोणी नव्हतं. मीही गप होतो. कोणाशी बोलू? जिच्याशी भांडायचं ती नाही.

नातीचं ध्यान उशिरा आलं. बायको होती तेव्हा पोर दीडेक वर्षाची होती. मला 'दा' म्हणायची, पाण्याला 'बू' म्हणायची, शेळी आली की 'में'. बायको तिला मांडीवर घेऊन भाकरीच्या पिठाची गोळी हातात द्यायची आणि म्हणायची, "थाप. थाप. आता कोणाले देतं वं? दादाले देतं का शेळीले देतं?" आणि मग गप बसून पोरीच्या तोंडाकडे पाहायची. जशी काही सरपंचाचं उत्तर ऐकणार आहे. पोर 'में' म्हणायची. बायको मला म्हणायची, "घ्या, तुमचा हिस्सा शेळीनं नेला." मी म्हणायचो, काय दिवसभर पोरखेळ लावला. तिचं काम ती करत होती हे मला कळत नव्हतं.

ती गेली, आणि पोरीचे ते दोन-तीन शब्दही गेले. आधी आम्हाला वाटलं, रडारडीनं भेदरली. मग वाटलं, येईल. पुढचा कापूस फुटला तरी शब्द नाही. पाणी पाहिजे तर माठाला गडू वाजवायची. भूक लागली तर ताटली वाजवायची. तिन्हीसांजेला मुलगा आला की त्याचा मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसायची, त्याच्यातली चित्रं नाचायची, गायची, आणि ही तोंड उघडं ठेवून गप.

तांड्यातल्या बाया म्हणायला लागल्या, "बुढीनं जाता जाता पोट्टीची जीभ नेली." एकीनं तर माझ्या तोंडावर म्हटलं. मी तिला म्हटलं, "तुही नेली असती तर तांड्याचं भलं झालं असतं." ती अजून माझ्याशी बोलत नाही. बरं आहे.

उपाय सगळे करून पाहिले. देवळातली घंटा धुऊन ते पाणी पाजलं. पोपटानं टोचलेला पेरू खाल्ला की पोर बोलते म्हणतात, तर मी थंडीत पेरूखाली मान वर करून बसलो, आणि पोपट लेकाचे दुसऱ्याच झाडावर. शेवटी एक टोचका पेरू सापडला. पोरीनं खाल्ला. बिया थुंकल्या. बोलली नाही. मग मी बिस्किटाचा उपाय काढला. बिस्किट वर धरायचो, "बिस्किट म्हण, मंग भेटन. बि. बि. म्हण न!" ती माझ्याकडे पाहायची, बिस्किटाकडे पाहायची आणि निघून जायची. काही दिवसांनी मी पुडा काढला तरी ती जवळ येईना. बैलालाही असं नाही करत आपण, चारा दाखवून मागं नाही ओढत. पण तेव्हा मला वाटायचं, पोर हट्टी आहे.

मुलगा म्हणाला, यवतमाळला दाखवू. आम्ही सगळे एसटीनं गेलो. दवाखान्यात कानाची तपासणी झाली, कान चांगले निघाले. मग बोलण्याचं पाहणाऱ्या एक मॅडम होत्या, तरुण पोर, त्या सरळ फरशीवर बसल्या आणि नातीसमोर डबे मांडले. मला वाटलं, एवढ्या दूरून आणलं ते डबे खेळायला. मॅडमनी सुनेला विचारलं, "आई, ती घरी काय काय खेळते?" सून खाली मान घालून बसली. मॅडमनी पुन्हा विचारलं. सुनेनं पदर आणखी ओढला.

मॅडम मुलाला हळू आवाजात म्हणाल्या, "आईलाही बोलायला त्रास आहे का?"

मुलगा ओशाळला. म्हणाला, "नाही मॅडम. बा बसले आहेत न, म्हणून."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही जरा बाहेर चहा पिऊन येता का?"

मला राग आला. मी काय तिची जीभ धरून बसलो होतो? चहा नाही प्यायलो, दाराबाहेर बाकड्यावर बसलो. दार बंद होतं आणि आतून सुनेचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, व्हरांड्यात माणसांची गर्दी होती. पण आवाज थांबत नव्हता. इतकं बोलणं या बाईच्या पोटात होतं, मला माहीत नव्हतं.

परत येताना गाडीत मुलानं सांगितलं. "बा, मॅडम म्हणते का तिच्या खेळात बसाचं. ते करन तसं आपण कराचं, अन् करता करता बोलाचं. 'हे काय आहे, ते म्हणून दाखव' असं विचाराचं नाही. बोलून झालं का थांबाचं. तिची पाळी येऊ द्याची. अन् मोबाईल बंद. अन् परत दाखवाले आणाचं, वेळ लागन म्हणे."

मी म्हटलं, "एवढं तर तुही माय फुकट करत होती."

मुलानं खिडकीकडे तोंड केलं.

त्यानंतर एकदा मी बाजाराला दिग्रसला गेलतो. लवकर आटोपलं, फाट्यावर उतरून घराकडे निघालो. आता सासऱ्यानं घरात शिरायच्या आधी खाकरायचं असतं, म्हणजे सून पदर सावरते. हीपण रीतच. मी अंगणाच्या तोंडाशी आलो, खाकरणार, तर आतून सुनेचा आवाज आला. "हे पाह्य, पालथी घातली भाकर. फुगली फुगली फुगली… फुस्स! आता कोणाले देऊ? बोकडाले देऊ? बोकड म्हणते, मले तिखट लागते." आणि नात हसत होती. नुसती हसत नव्हती, मधात तिचंही काही चाललं होतं, "ए… आ… बेबे", असं. शब्द नव्हता. पण खडकातून झिरा लागतो तसं काहीतरी होतं.

मी खाकरलोच नाही. मी तिथंच उभा. आत जावं तर हे बंद पडणार, न जावं तर ऊन डोक्यावर. किती वेळ उभा राहिलो असतो माहीत नाही, पण आमच्या कुत्र्यानं मला पाहिलं आणि भुंकला. आतलं बोलणं कापल्यासारखं थांबलं. मी आत गेलो. सून पदर ओढून भिंतीकडे तोंड करून उभी होती. आणि तिच्या बाजूला नात. तिनं पुसायचं फडकं डोक्यावरून नाकापर्यंत ओढलं होतं, आणि तीही भिंतीकडे तोंड करून उभी होती.

मी पिशवी ठेवली आणि बाहेर निघून आलो.

त्या दिवसापासून मी दिवसभर बाहेर बसायला लागलो. सेवालाल महाराजांच्या देवळाच्या ओट्यावर. मी घरात नसलो तर माय-लेक बोलतील, हा माझा हिशेब. पण म्हाताऱ्याला बाहेर बसू देतील ते लोक कसले.

"काहून बे बुढ्या, सुनेनं हाकललं का?"

"मीच माह्या पायानं आलो."

"पायानं आला म्हणते. जेवाले तरी बलावते का नाही?"

"वाटी वाजवते."

"कुत्र्यालेही वाजवतात," माझ्याच वयाचा एक जण म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत ते वाक्य मात्र बोरीच्या काट्यासारखं धोतरात अडकून राहिलं.

मी मुलाला म्हटलं, "तुह्या बायकोले सांग, माह्यासमोर बोलत जा. माही काही ना नाही."

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "सांगितलं बा. ते म्हणते जमत नाही. तुमची सावली दिसली का घसा बंद होते."

"मी काय वाघ आहो?"

"तसं नाही म्हणत ते. म्हणते, एवढी वर्षं मिटलेलं तोंड कसं उघडू."

मी ओसरीतून भिंतीकडे पाहून मोठ्यानं म्हटलं, "या घरात आता रीत पाह्याले कोणी येत नाही. बोलाचं त्यानं बोलाव." थोड्या वेळानं वाटी वाजली.

रीत मोडायला म्हटलं आणि मोडली, असं होत नाही. हुकमानं तोंड बंद होतं, उघडत नाही. मलाच कळायला पाहिजे होतं, मी बिस्किट वर धरून पोरीला तेच करत होतो. पण माणसाला आपलं कळायला उशीर लागतो. मला तर फारच.

मग तो दिवस. कापूस वेचायला सगळा तांडा रानात गेलेला, सून घरीच होती, आत पीठ मळत होती. माझे पाय सुजले होते म्हणून मी ओट्यावर गेलो नाही, बाजेवर पडून होतो. नात अंगणात चिखल थापत बसली होती. मी डोळे मिटल्यासारखे करून पाहत होतो. तिनं चिखलाची भाकर केली. पळसाच्या पानावर ठेवली. डब्याचं एक झाकण घेतलं, ती झाली वाटी. फडकं डोक्यावरून ओढलं. हळू पावलांनी माझ्या बाजेजवळ आली, पान खाली ठेवलं, गोट्यानं झाकण वाजवलं. टण्. आणि खाली मान घालून खांबामागं जाऊन उभी राहिली.

पोर आमचंच घर खेळत होती. बरोबर खेळत होती, काही चुकलं नव्हतं.

मला मॅडमचं आठवलं, तिच्या खेळात बसायचं. मी बाजेवरून उतरलो. गुडघे कडकड वाजले. पानासमोर मांडी घातली आणि सुरू झालो. "अरे बाप्पा! काय आणलं वं? भाकर आणली? भाकर म्हण. भा. भा-कर. कोणाले आणली? दादाले? दा म्हण. आधी म्हणत होतीस न? म्हण न, दा!" एकदा माझं तोंड सुटलं की सुटलं. पोर खांबामागं आणखी आत गेली. फडकं पार हनुवटीपर्यंत आलं.

"गप बसा न जरासे!"

मी मान वळवली. मला कळेना कोण बोललं. दारात सून उभी होती. पदर नाकापर्यंत, हाताला कोपरापर्यंत पीठ.

"मॅडमनं थांबाले सांगितलं," ती म्हणाली. "तुम्ही थांबतच नाही. तिची पाळी येऊच देत नाही तुम्ही. तुम्ही हो म्हणता, तुम्हीच नाही म्हणता. त्या लेकरानं कधी बोलाव?"

लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं मला म्हटलेलं पहिलं वाक्य, आणि ते गप बसा. माझ्या बापाला असं कोणी म्हटलं असतं तर त्यानं ताट फेकलं असतं. माझ्याही तोंडाशी आलं होतं. काय आलं होतं ते लिहीत नाही. पण तिचे ते पिठाचे हात पाहिले, आणि मी तोंड मिटलं. राग गिळला असं म्हणणार नाही, राग होताच. रागानंच गप बसलो.

सून दारातून हलली नाही. मी पानाकडे पाहत बसलो. एक कोंबडी आली, चिखलाला चोच मारून पाहिली आणि गेली. खांबामागून नात डोकावली. आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. भाकर तशीच होती. वाटी तर वाजवली, मग बुढा खात काहून नाही, असं तिच्या डोळ्यांत होतं.

ती बाहेर आली. पान हातानं माझ्याकडे ढकललं. मी हललो नाही. खरं सांगतो, मी शहाणपणानं थांबलो नव्हतो. मला सुचतच नव्हतं. तिनं फडकं मागं सारलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाली, "खा."

मला वाटलं खोकली. मी सुनेकडे पाहिलं. तिनं पिठाचा हात तोंडावर ठेवला होता.

पोर वैतागली. पान आणखी ढकललं, माझ्या मांडीला चिखल लागला. "खा!"

बायको ताट ठेवायची तेव्हा म्हणायची, "खा न, का मुहूर्त पाह्यता?" ती गेल्यापासून मला खा असं कोणी म्हटलं नव्हतं. मुलगा कामावर, सून मुकी. ताट येत होतं, वाटी वाजत होती, पोट भरत होतं. खा कोणी म्हणत नव्हतं. आणि ते मला कमी पडत आहे हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

मी भाकर तोडली आणि तोंडात घातली. खोटी खोटी खायची असते हे डोक्यातच नाही आलं. दातात कचकच झाली.

"अवो बा, खरी नका खाऊ!" सून ओरडली. मला काय म्हणून हाक मारायची हे तिनं कधी ठरवलंच नव्हतं, वेळच आली नव्हती. बा म्हणाली. मी चूळ भरायला उठलो, ते बरं झालं, तोंड दुसरीकडे करता आलं.

मुलगा आला तेव्हा सुनेनं त्याला माझ्यासमोरच सगळं सांगितलं, पदराआडून. तो पोरीच्या मागं लागला, "मले म्हण न, खा म्हण!" सून आणि मी दोघंही एकदम म्हणालो, "गप बस."

आता पोरीला थोडे शब्द आहेत. खा, नको, बू, दा पुन्हा आला आहे. तिच्या वयाची दुसरी पोरं गोष्टी सांगतात, ही अजून बोट दाखवते. मॅडम म्हणतात, चालू ठेवा, येत राहा. पुढं काय होईल हे त्याही सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. झोप मात्र उडते. सून बोलते, पदर आहे, पण बोलते, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त बोलते. बायको असती तर दोघींनी मिळून मला घराबाहेर काढलं असतं. ती नाही. हे काही भरून आलेलं नाही. नातीचा शब्द तिला ऐकू गेला नाही, आणि तो शब्द तिचाच होता.

सुनेची सवय जात नाही, ताट ठेवताना अजून बांगडी वाजते. मी हात लावत नाही. भाकर समोर ठेवून पोरीची वाट पाहतो. कधी आतून आवाज येतो, "दा, खा." कधी ती आपल्याच खेळात असते, काही येत नाही. मी थांबतो. भाकर थंडी होते.

सून म्हणते, "बा, जेवून घ्या."

मी म्हणतो, "थांब न वं. तिची पाळी आहे."